कलेसाठी सरकारी निधी मागताना: नागपूरच्या संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातल्या नाट्यसंस्था, लोककला मंडळं आणि संगीत विद्यालयं आमदार निवासाच्या जिन्यांवर दिसू लागतात. लेटरहेडवरचं निवेदन, शाल, श्रीफळ, फोटो, आणि रात्री ग्रुपवर 'साहेबांनी सकारात्मक आश्वासन दिले' असा मेसेज. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्यात आपल्या मागणीचा पत्ता नसतो. मग 'सरकारला कलेचं काही पडलेलं नाही' हे ठरलेलं वाक्य.

सरकारला पडलेलं आहे की नाही हा वाद बाजूला ठेवू, कारण बहुतेक निवेदनं त्या वादापर्यंत पोचतच नाहीत. ज्याच्या हाती तो पैसा नाही अशा माणसाला, निर्णय होऊन गेल्यावर आणि आकडा न लिहिता ती दिलेली असतात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. आधी भेट आणि मग कागद असा उलटा प्रकार केला, तर भेट वाया जाते आणि त्याच आमदाराकडे पुन्हा जायला तोंड राहत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण धरू: पूर्व नागपुरातल्या चार हौशी नाट्यसंस्था, तालमीला जागा नाही, आणि जवळच महापालिकेची एक बंद पडलेली शाळा.

## टप्पा १: मागणी एकच ठेवा

'नाट्यकलेच्या संवर्धनासाठी भरीव निधी मिळावा.' या वाक्यावर कोणताही अधिकारी 'मंजूर' लिहू शकत नाही. किती निधी, कशासाठी, कुणाला, कुठून, यातलं काहीच त्यात नाही. मग तो 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं लिहून कागद पुढे ढकलतो, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

आता हे पाहा: 'महापालिकेच्या बंद शाळेतील दोन खोल्या रोज सायंकाळी ६ ते १० या वेळेत हौशी नाट्यसंस्थांना नाममात्र भाड्याने द्याव्यात, आणि त्यांची वीज, पंखे व स्वच्छतागृह यांच्या दुरुस्तीसाठी ६ लाख रुपये मंजूर करावेत.' यावर होय किंवा नाही म्हणता येतं. 'नाही' आलं तरी कशाला नाही आलं ते कळतं, आणि पुढचं पत्र लिहिता येतं.

मागणी लिहिताना खर्च एकदाचा की दरवर्षीचा, हे आधी ठरवा. सरकारी भाषेत अनावर्ती आणि आवर्ती. पंखे लावणं एकदाचं, चौकीदाराचा पगार दरवर्षीचा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की दोन्ही अडतात, कारण त्यांचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

तपासून पाहा: नाटकाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला मागणी वाचून दाखवा. त्याला रक्कम आणि जागा दोन्ही सांगता आल्या तर पुढे जा.

## टप्पा २: पैसा कुणाच्या हातात आहे ते शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, विधान भवन, आमदार निवास, रवी भवन, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, सगळं सिव्हिल लाईन्समध्येच. एका दुपारी पायी पायी सगळीकडे निवेदनं वाटता येतात आणि आपण फार काम केलं असं वाटतं. पण यातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे.

महापालिका. शाळेची खोली, समाजभवन, उद्यानातला खुला रंगमंच, रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहाचं भाडं, हे सगळं महापालिकेचं. आमदार किंवा खासदार आयुक्तांना पत्र देऊ शकतात, पण महापालिकेच्या मालमत्तेचा निर्णय महापालिकाच घेते. इथे आधी नगरसेवक, झोन कार्यालय आणि संबंधित विभाग.

आमदारांचा स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात २०२२च्या अर्थसंकल्पात तो वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. खासदार निधीही वर्षाला ५ कोटींचाच. ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण रस्ते, नाल्या, समाजभवनं आणि व्यायामशाळा यांच्या रांगेत आपण शेवटी उभे असतो. आणि हा पैसा कायम टिकणाऱ्या सार्वजनिक कामासाठी असतो. नाट्यमहोत्सव, मानधन, प्रवासखर्च यांसाठी तो मागणं म्हणजे कागद फुकट घालवणं. शिवाय रक्कम संस्थेच्या खात्यात येत नाही. आमदार कामाची शिफारस करतात, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून प्रशासकीय मान्यता मिळते आणि काम सरकारी यंत्रणा करते. संस्थेच्या खाजगी जागेवरचं बांधकाम अडकतं, सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या जागेवरचं त्या मानाने सरळ जातं. विधान परिषदेच्या सदस्यांनाही असा निधी असतो, हे बहुतेक संस्था विसरतात.

जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा इथे ठरतो. नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत, सहा शहरात आणि सहा ग्रामीण. समितीच्या बैठकीत बोलणारे बरेचसे लोक ग्रामीण भागाचा विचार करून बोलतात. त्यामुळे रामटेक, उमरेड किंवा काटोलकडच्या खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांच्या मंडळांसाठी मागणी असेल, तर हे दार शहरातल्या संस्थांपेक्षा तुम्हाला अधिक उपयोगी आहे.

राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग. नाट्यगृहं आणि नाट्यप्रयोग हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीच्या ३३व्या नोंदीत येतो. म्हणजे धोरण, अनुदान, स्पर्धा, शिबिरं यांची मूळ जबाबदारी राज्याची. त्यासाठी विभाग मंत्रालयात आणि त्याच्या हाताखाली सांस्कृतिक कार्य संचालनालय. राज्याच्या अर्थसंकल्पात कला व संस्कृतीच्या महसुली (रोजच्या, आवर्ती स्वरूपाच्या) खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबाचा सांकेतिक क्रमांक, २२०५, आणि भांडवली (बांधकामासारखा) खर्च शिक्षण व क्रीडेसोबत ४२०२ खाली. हे दोन आकडे लिहून ठेवा. 'साहेब, २२०५ खाली या योजनेची तरतूद किती, आणि वितरित किती झाली?' असं विचारणारा कलावंत समोर आला की कक्ष अधिकारी खुर्चीत सावरून बसतो.

केंद्र. संस्कृती मंत्रालयाच्या योजना आणि १९८६ पासून नागपुरात असलेलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. इथे आमदाराच्या पत्राचा फारसा उपयोग नाही. योजनेची जाहिरात, ऑनलाइन अर्ज आणि मुदत पाळणं, एवढंच.

उदाहरणातल्या चार संस्थांचं उत्तर आता स्पष्ट होतं: खोल्या महापालिकेकडून, दुरुस्ती आमदार निधीतून. खासदार, मुख्यमंत्री, सांस्कृतिक मंत्री यांना प्रती पाठवायची गरजच नाही. दहा जणांना प्रत गेलेल्या पत्राची जबाबदारी कुणीच घेत नाही.

सावधान: चालू योजनेचा लाभ आणि नवी मागणी यांत गल्लत करू नका. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. तुमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या शाहिराला ते मिळत नसतील, तर त्याचा अर्ज भरा. त्यासाठी आमदारांची वेळ घेऊ नका. अर्ज पात्र असूनही अडकून राहिला, तर गोष्ट वेगळी.

## टप्पा ३: आकडे गोळा करा

आमदाराला कलेचं महत्त्व सांगायची गरज नसते. उद्घाटनाच्या भाषणात ते तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगतो. त्याला हवं असतं ते सभागृहात किंवा बैठकीत फेकता येईल असं काहीतरी ठोस.

एका पानावर मावेल एवढीच माहिती काढा. मतदारसंघात किती संस्था, किती कलाकार, गेल्या वर्षी किती प्रयोग, तालमीच्या जागेवर महिन्याला किती भाडं जातं. एका प्रयोगामागे नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, ध्वनी, टेम्पो आणि हमाल मिळून किती जणांना काम मिळतं, हेही लिहा. माझ्या मते हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त चालतो, कारण रोजगाराची भाषा प्रत्येक खात्याला कळते. आकडे तुमच्या वहीतले, बिलांवरून पडताळता येतील असेच असावेत. 'हजारो कलावंत' असं लिहिलंत आणि यादी मागितल्यावर चाळीस नावं निघाली, तर पुढचं सगळं फुगवलेलंच वाटतं.

सरकारकडचे आकडे माहिती अधिकारातून मिळतात. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, हे न पाळल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात. 'सांस्कृतिक धोरणाबाबत सर्व माहिती द्यावी' असं कधीही मागू नका. 'सदर शाळा कोणत्या तारखेपासून बंद आहे आणि इमारतीचा सध्याचा वापर काय, याची नस्तीतील (म्हणजे फाईलमधील) नोंद द्यावी', एवढं पुरे.

विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, हा मुद्दा वापरायचा असेल तर जपून. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खालच्या, विदर्भासारख्या भागांसाठी नेमलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि त्यानंतर 'विदर्भावर अन्याय' हे वाक्य सभागृहात इतकं वाजलं आहे की त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. एखाद्या योजनेत विभागवार किती रक्कम गेली हे माहिती अधिकारातून काढा आणि फक्त तो तक्ता समोर ठेवा. विशेषण लावायचं काम आमदार स्वतः करतील.

## टप्पा ४: संस्थेचे कागद

इथे जास्त बोलण्यासारखं नाही, पण एक कागद राहिला तरी सगळं थांबतं. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, बँक खातं, कार्यकारिणीचा ठराव. केंद्राच्या योजनेसाठी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक.

सगळ्यात सामान्य अडचण वेगळीच असते: धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत अजून जुनेच विश्वस्त, त्यातले एक-दोघे हयात नाहीत, आणि निवेदनावर सही नव्या सचिवांची. विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित. निधी मंजूर होण्याच्या क्षणी हे उघड झालं की रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळते. आधी बदल अर्ज निकाली काढा.

चार संस्था मिळून मागणी करत असतील, तर प्रत्येकीने ठराव करून एकाच संस्थेला पत्रव्यवहाराचा अधिकार द्यावा. नाहीतर चौथ्या महिन्यात दोन गट दोन वेगळी पत्रं घेऊन त्याच कार्यालयात पोचतात.

## टप्पा ५: महिना पाहून पाऊल टाका

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यातला प्रत्येक काळ एकेका कामाचा.

एप्रिल ते जून: माहिती अधिकार, आकडे, कागद. नुकताच मंजूर झालेला अर्थसंकल्प वाचायचा. पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात आणि खर्चाची स्थिती बीम्स या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसते. तुमच्या योजनेसमोर तीन आकडे असतील: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा फार कमी असेल, तर तुमची खरी मागणी 'तरतूद वाढवा' ही नाही. 'दिलेली तरतूद खर्च करा' ही आहे.

जुलै ते ऑक्टोबर: हाच मुख्य काळ. खातं पुढच्या वर्षाचे अंदाज याच सुमारास जुळवायला लागतं आणि ते वित्त विभागाकडे जातात. राज्याकडून नवी तरतूद हवी असेल तर आमदारांची पहिली भेट आता, मतदारसंघातल्या कार्यालयात, निवांत.

नोव्हेंबर: हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनेचा मजकूर आमदारांकडे पोचवायचा (हे काय असतं ते टप्पा ९ मध्ये). प्रश्न द्यायची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपते.

डिसेंबर: अधिवेशन नागपुरात. चालू वर्षासाठी पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, इथे मांडल्या जातात, पण त्यांची तयारीही आधीच झालेली असते.

जानेवारी-फेब्रुवारी: जिल्हा वार्षिक योजनेच्या बैठका. मार्च: नवी मागणी करायचा महिना नव्हे. या महिन्यात फक्त अखर्चित निधी कुठे पडून आहे ते विचारा. कधी कधी चटकन काम होतं.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, आणि त्या परिसरात काम करणाऱ्या मंडळांसाठी खास सूचना. तुमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि वडसा-देसाईगंजच्या कंपन्या डिसेंबरात रोज रात्री वेगळ्या गावात असतात. हौशी मंडळींची राज्य नाट्य स्पर्धाही साधारण याच दिवसांत येते. म्हणजे अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा बोलायला हवेत ते लोक रंगमंचावर असतात. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भेटी उरकून घ्या आणि डिसेंबरसाठी एक मोकळा प्रतिनिधी आधीच ठरवा.

सावधान: निवडणूक आचारसंहिता लागली की नवी मंजुरी आणि घोषणा थांबतात. संभाव्य तारखा पाहून प्रशासकीय मान्यता त्याआधी मिळेल असं बघा.

## टप्पा ६: निवेदन लिहा

एक पान. सोबत जास्तीत जास्त तीन जोडपत्रं. नमुना असा:

> प्रति, मा. आमदार, ... विधानसभा मतदारसंघ.
>
> विषय: मौजा ... येथील मनपाच्या बंद शाळेतील दोन खोल्यांची तालीम केंद्रासाठी दुरुस्ती, स्थानिक विकास निधीतून ६ लाख रुपये मिळणेबाबत.
>
> महोदय, आपल्या मतदारसंघात चार नोंदणीकृत हौशी नाट्यसंस्था कार्यरत असून त्यांत ... कलाकार आहेत. तालमीसाठी कायमस्वरूपी जागा नसल्याने दरमहा सरासरी ... रुपये भाडे द्यावे लागते (जोडपत्र १). सदर खोल्या वापराविना असल्याचे मनपाने माहिती अधिकारात कळविले आहे (जोडपत्र २). दुरुस्तीचा अंदाजित खर्च जोडपत्र ३ मध्ये आहे.
>
> विनंती: (१) खोल्या वापरासाठी देण्याबाबत आपण मा. आयुक्त, मनपा यांना पत्र द्यावे. (२) आयुक्तांची संमती मिळताच दुरुस्तीचे काम आपल्या निधीतून प्रस्तावित करावे.

यात कलेची महती नाही, पूर्वसूरींची नावं नाहीत, 'विदर्भाच्या मातीतील' काही नाही. ते सगळं स्मरणिकेसाठी ठेवा. विनंतीचा क्रमही बघा: आधी जागेची संमती, मग पैसा. जागा हातात नसताना निधी सुचवला तर काम 'जागा उपलब्ध नाही' म्हणून रद्द होतं, आणि आमदाराच्या यादीतली तुमची ओळ दुसऱ्याला जाते.

मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाईल स्वीय सहायकाच्या मोबाईलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. तो काही बोलत नाही, फक्त फाईल बाजूला ठेवतो.

तपासून पाहा: विषयाच्या ओळीतच रक्कम आणि ठिकाण आहे का? आवक विभागातला कारकून तेवढंच वाचून पत्र कुठल्या शाखेला द्यायचं ते ठरवतो.

## टप्पा ७: भेट

आधी स्वीय सहायक. त्याला वगळून थेट 'भाऊं'पर्यंत, म्हणजे आमदारांपर्यंत, पोचलात तर भाऊ हसून बोलतील, खांद्यावर हात ठेवतील आणि कागद त्याच सहायकाकडे देतील, जो आता तुमच्यावर नाराज असेल. त्याला आधी फोन करा, विषय दोन वाक्यांत सांगा, निवेदन आणि आमदारांच्या लेटरहेडवर जाऊ शकेल असा आयुक्तांच्या नावे पत्राचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवा. त्याचं टायपिंगचं काम तुम्ही कमी केलंत तर पत्र त्याच दिवशी निघू शकतं.

भेटीला तीन माणसं पुरेत: बोलणारा एक, आकडे सांभाळणारा एक, आणि त्याच मतदारसंघात मतदान असलेला एक ज्येष्ठ कलावंत. ढोलताशा, वेशभूषेतले कलाकार, सत्काराची ट्रे, यातलं काही नको. फोटो घ्यायचाच तर शेवटी एक.

पाच मिनिटं मिळाली असं समजा आणि तीन मिनिटांत संपवा. साधारण संवाद असा होतो:

'बोला.'
'भाऊ, आपल्या भागातली मनपाची शाळा बंद आहे. दोन खोल्या संध्याकाळी नाटकाच्या तालमीला मिळाव्यात. आयुक्तांना आपलं पत्र हवं आहे, मसुदा आणलाय.'
'पैसे किती लागतील?'
'दुरुस्तीला सहा लाख. पण ते नंतर. आधी जागेचं पत्र.'
'तिथं लोक तक्रार तर नाही करणार ना, रात्रीच्या आवाजाची?'

हा शेवटचा प्रश्न येणारच. आमदाराला नव्या कामापेक्षा नव्या तक्रारीची भीती जास्त असते. म्हणून रात्री दहानंतर दार बंद, ध्वनिक्षेपक नाही, शेजारच्या सोसायटीचं ना-हरकत पत्र, ही उत्तरं खिशात ठेवून जा.

सत्ताधारी आणि विरोधी, दोघांनाही भेटा आणि दोघांनाही तसं सांगा. सत्ताधारी आमदाराचं पत्र प्रशासनात लवकर हलतं, विरोधी आमदार सभागृहात प्रश्न जोरात लावून धरतो. एकाच्या कार्यालयात दुसऱ्याची निंदा केलीत तर ती त्याच संध्याकाळी पोचते. विधान परिषदेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतले १२ सदस्य राज्यपाल नामनियुक्त करतात. त्या जागा भरलेल्या असतील तर धोरणाच्या मागणीसाठी त्यांचा विचार जरूर करा.

अधिवेशनाच्या दिवसांत विधान भवनाच्या परिसरात पासाशिवाय प्रवेश नाही, आणि आमदारांच्या डोक्यात त्या दिवशीचं कामकाज असतं. तिथे पहिली भेट ठरवू नका. आधी झालेल्या भेटीची आठवण करून द्यायला मात्र ती जागा उत्तम.

अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून विधान भवनाकडे मोर्चा काढावा का? संख्या असेल आणि आधीची पत्रं हातात असतील तरच. मोर्चा अडवला जातो, शिष्टमंडळाला बोलावणं येतं, निवेदन स्वीकारलं जातं. त्या शिष्टमंडळाकडे आधीचा आवक क्रमांक (पत्र कार्यालयात नोंदल्याचा क्रमांक) नसेल तर तुमचं प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर.

सावधान: 'फाईल हलवण्यासाठी' कुणी टक्केवारी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. संस्थेच्या कोषाध्यक्षाला हे पहिल्या दिवशी सांगून ठेवा.

## टप्पा ८: पत्र मिळालं, आता कागदामागे लागा

बहुतेक संस्था इथे थांबतात. आमदाराचं पत्र मिळालं, फोटो टाकला, संपलं. खरं काम आता सुरू होतं.

पत्र स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. हा क्रमांक नसेल तर पुढे कुणाशीही बोलता येत नाही. मग आठवड्याभराने शाखा विचारा, टेबल विचारा. 'साहेबांकडे आहे' हे उत्तर नाही. कुठल्या साहेबांकडे, आणि कशासाठी, हे विचारा.

मंत्री किंवा आयुक्त कागदाच्या कोपऱ्यात जो शेरा लिहितात, तो वाचायला शिका. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे निर्णय खालच्यांवर सोडला. 'तपासून सादर करावे' म्हणजे दार उघडं आहे, पण अभिप्राय चांगला यायला हवा. 'प्रस्ताव सादर करा' हा सगळ्यात कामाचा, कारण त्यातून नस्ती तयार होते.

राज्याच्या विभागाकडे मागणी असेल तर कागदाचा प्रवास मंत्री, विभाग, संचालनालय असा खाली येतो आणि शेवटी स्थानिक पातळीवर अभिप्राय मागितला जातो. ज्या अधिकाऱ्याला तुम्ही कधी भेटलाच नाहीत, त्याने 'सदर संस्थेबाबत या कार्यालयास माहिती नाही' असं लिहिलं की मंत्र्यांचा शेराही काही करू शकत नाही. म्हणून त्या अधिकाऱ्याला आमदाराच्याही आधी भेटा, तुमच्या कार्यक्रमाला बोलवा, तुमचे अहवाल त्याच्या कपाटात असू द्या.

प्रशासकीय मान्यता आणि निधी वितरण या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शासन निर्णय निघाला म्हणजे पैसे आले असं नाही. वित्त विभाग तरतुदीचा काही भागच वितरित करायला परवानगी देतो, असं अनेकदा होतं. निर्णयात लेखाशीर्ष, रक्कम आणि आहरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढणारा) कोण आहे ते पाहा आणि त्या अधिकाऱ्याकडे जा.

तपासून पाहा: एका वहीत चार रकाने: तारीख, कार्यालय, आवक क्रमांक, पुढे काय. सचिव बदलला तरी वही बदलू देऊ नका.

## टप्पा ९: सभागृहाचा वापर, गरज पडली तरच

प्रशासनात दोन-तीन महिने काहीच हललं नाही, तर सभागृह. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना; तिचा प्रभाव जास्त, पण दिलेल्या सूचनांपैकी मोजक्याच घेतल्या जातात. औचित्याचा मुद्दा एका मिनिटात मांडता येतो, त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळण्याची हमी नाही. मार्चमध्ये विभागाच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा आमदार नाममात्र रकमेची कपात सूचना (तरतूद कमी करा असं सुचवणारी) देऊन विषय नोंदवू शकतात.

प्रश्न तुम्ही लिहून द्या, पण तो उत्तर देता येईल असा असावा. 'शासन कलावंतांकडे का दुर्लक्ष करते?' असं विचारलं की मंत्री 'शासन दुर्लक्ष करत नाही' म्हणतात आणि विषय संपतो. 'अमुक योजनेत अमुक वर्षी नागपूर विभागासाठी किती तरतूद होती, किती वितरित झाली, उर्वरित रक्कम वितरित न होण्याची कारणे काय?' यातून सुटका नाही.

मंत्र्यांनी सभागृहात 'तीन महिन्यांत निर्णय घेऊ' असं म्हटलं, तर त्या दिवसाची कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. पत्रकारांना दिलेल्या आश्वासनासाठी अशी समिती नाही.

## टप्पा १०: निधी आल्यावर

वर्तमानपत्रात बातमी द्यायच्या आधी आमदारांच्या कार्यालयाला कळवा, आणि बातमीत पत्र देणाऱ्या सगळ्यांची नावं घ्या. एकाचंच घेतलंत तर उरलेल्यांचं दार पुढच्या वर्षी बंद.

रक्कम संस्थेच्या खात्यात येणारी असेल तर पहिल्या दिवसापासून वेगळं खातं किंवा निदान वेगळी खातेवही ठेवा. मंजूर बाबींपलीकडे एक रुपयाही वळवू नका. पंख्यांचे पैसे उरले म्हणून नाट्यमहोत्सवाचा मंडप घातला, तर ते लेखापरीक्षणात निघतंच. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मुदतीच्या आत द्या. ते प्रलंबित असलेल्या संस्थेचा पुढचा प्रस्ताव छाननीतच बाजूला पडतो, मग पत्र कुणाचंही असो.

काम सरकारी यंत्रणा करणार असेल, तर कंत्राटदाराने दोन ट्यूबलाईट लावून काम पूर्ण दाखवण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन जागेवर जा आणि एकेक बाब मोजा. वायरिंग, स्वीचबोर्ड, स्वच्छतागृहाचं दार, पाण्याची टाकी. कमी असेल तर छायाचित्रासह लेखी कळवा, अंतिम देयक निघण्याच्या आत. खोलीचा ताबा घेताना पंचनामा करा, किल्ली कुणाकडे राहणार आणि वीजबिल कोण भरणार हे त्यातच लिहून घ्या.